डोक्यावरचा पत्रा आणि अंगातला ताप

होळी झाली की आमच्या दवाखान्यातल्या बाकड्यावरची माणसे बदलतात. सर्दी-खोकल्याचे पेशंट कमी होतात आणि "डॉक्टरसाहेब, चक्कर येतीया", "पोटऱ्यांत गोळे येत्यात", "लघवीला जळजळ होतीया" असे सांगणारे वाढतात. यातले बरेचसे उन्हात राबणारे शेतकरी आणि ऊसतोड मजूर असतात. त्यांना उन्हाची बाधा व्हावी हे समजण्यासारखे आहे. पण गेली काही वर्षे माझ्या लक्षात येते आहे की, यातले पुष्कळसे पेशंट दिवसभर छपराखाली काम करणारे असतात. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रावर उभे राहणारे, विट्याच्या यंत्रमागावर काम करणारे, तासगाव-सांगलीच्या शेडमध्ये बेदाणा निवडणाऱ्या बायका, सातारा आणि शिरवळकडचे कारखान्यातले कामगार. यांच्या अंगावर ऊन पडत नाही. मग यांना ऊन लागते कसे?

याचे उत्तर त्यांच्या डोक्यावर असते. ते म्हणजे पत्रा. आज त्याविषयी लिहिणार आहे. "डॉक्टरांनी औषधाचे सांगावे, छपराचे कशाला?" असे काही वाचकांना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत होते. त्याची मला काय किंमत मोजावी लागली, ते आधी सांगतो.

माझी एक चूक

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा महिना होता. बेचाळीस वर्षांचा एक कामगार माझ्याकडे आला. एका औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडमध्ये तो लेथवर काम करत असे. तक्रार अशी की दुपारी तीननंतर डोके गरगरते, हातापायांत गोळे येतात, घरी गेल्यावर जेवण जात नाही. मी त्याला तपासले. बी.पी. थोडे कमी होते. अशक्तपणा आहे असे म्हणून बी-कॉम्प्लेक्सचे इंजेक्शन दिले, टॉनिक लिहून दिले. आठ दिवसांनी तो परत आला. या वेळी सलाईन लावले. संध्याकाळी बरे वाटले, दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. आणखी दहा दिवसांनी त्याच्या दोघा सोबत्यांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून आणले. अंग तापलेले, बोलणे अडखळत आणि लघवी सकाळपासून झालेली नाही.

त्या दिवशी रक्त तपासले. क्रिएटिनिन २.१ निघाले. निरोगी माणसात ते साधारण १.२ च्या आत असते. म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आला होता. मी जुने कागद काढून पाहिले आणि मलाच घाम फुटला. या माणसाला मी दोन वर्षांपासून बी.पी.ची जी गोळी देत होतो, तिच्यात लघवी वाढवणारे औषध होते. ज्याच्या अंगातले पाणी घामावाटे रोज निघून जात होते, त्याचे उरलेले पाणी मी गोळीने काढत होतो.

त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवले. चार दिवसांनी तो परत आला तेव्हा मी विचारले, "पाणी पीत नव्हता का?"

तो म्हणाला, "पीत होतो की, डॉक्टरसाहेब. पण नगावर पगार आहे, मशीन सोडून सारखं जाता येत नाही. आणि तुम्हाला तर पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, वरनं पत्रा नुसता भाजतोय म्हणून."

खरेच सांगितले होते. मी ते ऐकले, पण कागदावर लिहिले नाही. पेशंट रोगाचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगत होता आणि डॉक्टर टॉनिकचे नाव लिहीत होता.

भिंतीवरचा थर्मामीटर काय सांगत नाही

पुढच्या आठवड्यात दुपारी दोन वाजता मी ते शेड बघायला गेलो. दवाखान्याच्या भिंतीवरचा थर्मामीटर बरोबर घेतला होता. बाहेर झाडाच्या सावलीत ३९ अंश होते, शेडमध्ये ४२. शेडचे मालकही माझे जुने पेशंट, सज्जन माणूस. ते हसून म्हणाले, "डॉक्टर, तीन अंशांनी काय बिघडतंय? सांगलीचा उन्हाळा आहे, एवढं चालायचंच."

क्षणभर मला उत्तर सुचेना. आकडा खरोखरच लहान होता. पण तिथे पाच मिनिटे उभे राहिल्यावर टाळू आणि खांदे असे भाजू लागले की जणू कोणी वर शेगडी धरली आहे. वर सिमेंटचा जुना, काळवंडलेला पत्रा होता.

वाचकहो, हिवाळ्यात शेकोटीपुढे बसलेले आठवा. तोंड भाजते आणि पाठ गार असते. भोवतीची हवा गारच असते, तरी तोंड भाजते. कारण जाळाची उष्णता हवा न तापवता थेट अंगावर येते. याला प्रारण म्हणतात. सूर्याची उष्णता याच वाटेने पृथ्वीवर येते. भिंतीवरचा साधा थर्मामीटर मुख्यत्वे हवेचे तापमान सांगतो. डोक्यावरचा पत्रा किती झळ मारतो आहे, हे तो सांगत नाही. म्हणून कामाच्या जागेची उष्णता नीट मोजायची असेल तेव्हा तज्ज्ञ लोक काळ्या रंगाच्या पोकळ गोळ्यात बसवलेला थर्मामीटर आणि ओल्या फडक्याचा थर्मामीटर असे दोन्ही वापरतात. पहिला झळ मोजतो आणि दुसरा घाम वाळेल की नाही ते सांगतो.

उन्हाळ्याच्या भर दुपारी गडद रंगाचे छप्पर ६५ अंशांपर्यंत तापू शकते. आपल्या कातडीचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. म्हणजे दिवसभर डोक्यावर एक मोठी, मंद शेगडीच टांगलेली असते. हाच पत्रा ६५ ऐवजी ४५ अंशांवर ठेवता आला, तर अंगाकडे येणारी झळ निम्म्याहूनही कमी होते. हवेतला फरक दोन-तीन अंशांचाच दिसेल, पण अंगाला पडणारा फरक मोठा असतो.

पत्रा एवढा का तापतो?

दुपारच्या स्वच्छ उन्हात प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे हजार वॉट इतकी उष्णता पडते. घरात पाणी तापवायची हजार वॉटची कॉइल असते, तेवढी. दहा हजार चौरस फुटांचे शेड म्हणजे सुमारे ९३० चौरस मीटर. म्हणजे त्या छपरावर नऊशेच्या वर कॉइली एकाच वेळी चालू असल्यासारखे आहे. जुना, करडा पडलेला सिमेंटचा पत्रा यातला पाव हिस्सा परत फेकतो आणि पाऊण हिस्सा पोटात घेतो. पांढरेशुभ्र छप्पर नेमके याच्या उलट करते. पाऊण हिस्सा परत फेकते आणि पाव हिस्सा घेते. पोटात घेतलेली सगळीच उष्णता खाली उतरत नाही. बरीचशी वाऱ्याने आणि आकाशाकडे निघून जाते. पण वर येणारा लोंढाच एक-तृतीयांशावर आला, की खाली उतरणारा आपोआप कमी होतो.

येथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "नवा जस्ताचा पत्रा तर आरशासारखा चकाकतो, तो तरी का तापतो?" याचे कारण गमतीचे आहे. छपराला दोन गुण लागतात. पहिला, ऊन परत फेकण्याचा. दुसरा, जी थोडी उष्णता आत शिरली ती आकाशाकडे सोडून देण्याचा. चकचकीत धातूत पहिला गुण बऱ्यापैकी असतो, पण दुसरा फार कमी. तो कंजूष सावकारासारखा आहे. घेतो थोडे, पण घेतलेले सोडत नाही. शिवाय दोन-तीन पावसाळ्यांत त्याची चकाकी जाते आणि पहिला गुणही उतरतो. चुना आणि पांढरा रंग यांच्यात दोन्ही गुण असतात. म्हणून साधा चुना चकचकीत पत्र्यापेक्षा सरस ठरतो.

दुसरी एक गोष्ट. उन्हातली जवळजवळ निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांत असते. त्यामुळे रंग डोळ्यांना फिका दिसला म्हणजे तो थंड असेलच असे नाही. बाजारात छपरासाठी खास रंग मिळतात. त्यांच्या डब्यावर परावर्तनाचा आकडा दिलेला असतो. आपल्या देशाच्या २००७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने उतार कमी असलेल्या छपरांसाठी परावर्तन किमान ०.७० आणि उत्सर्जन, म्हणजे उष्णता सोडण्याचा गुण, किमान ०.७५ असावा असे म्हटले होते. विक्रेत्याला हे दोन आकडे विचारावेत. तो नुसतेच "एकदम थंड राहतंय बघा" म्हणू लागला, तर दुसरे दुकान गाठावे.

शरीरात काय होते?

आपले शरीर आतले तापमान ३७ अंशांच्या जवळ ठेवण्यासाठी धडपडत असते. बाहेरची हवा आणि भोवतालच्या वस्तू कातडीपेक्षा गरम असल्या, की उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळवणे. गरम जागी कष्टाचे काम करणाऱ्याला तासाला एक लिटरपर्यंत घाम येऊ शकतो. त्याबरोबर मीठही जाते. रक्त कातडीकडे वळते, त्यामुळे हृदयाला जोरात पळावे लागते आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडते. सुरुवातीला थकवा, डोकेदुखी, पेटके. नंतर चक्कर, मळमळ. शेवटी आतले तापमान ४० च्या वर गेले की मेंदूचे काम बिघडते. माणूस बडबडतो किंवा बेशुद्ध पडतो. हाच उष्माघात.

पण उष्माघात हे टोक झाले. माझ्या मते खरी काळजी रोजच्या, थोड्या-थोड्या त्रासाची आहे. वर्षानुवर्षे उन्हाळ्याचे चार महिने कमी लघवी आणि घट्ट लघवी झाली की मूतखडे होतात आणि मूत्रपिंडे थकतात. बायकांचे तर दुहेरी हाल. कामाच्या जागी शौचालय नसते किंवा असून नसल्यासारखे असते. म्हणून त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीची जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. गोळ्यांनी बऱ्या होतात आणि पंधरा दिवसांनी परत येतात. शिवाय पुष्कळ कामगार राहतातही पत्र्याच्याच खोलीत. संध्याकाळी अंगाला विसावा हवा, तोही तिथे मिळत नाही.

उष्णता कामावरही उठते. डोके गरगरणाऱ्या माणसाचा हात यंत्राजवळ चुकतो. उन्हाळ्यात बोट कापून आलेल्या पेशंटला मी आता न चुकता विचारतो, "त्या वेळी चक्कर आली होती का?"

जे कोंबडीला मिळते...

त्या शेडच्या मालकांना मी हे सगळे सांगितले. ते ऐकून घेत होते, पण पटत नव्हते. मग मला विटा भागातले पोल्ट्रीवाले आठवले. त्या बाजूला एकेका शेडमध्ये हजारो कोंबड्या असतात. मार्च उजाडला की पोल्ट्रीवाला छपराला चुना देतो, वर उसाचे पाचट पसरतो, बाजूला ओली पोती बांधतो. त्याला कोणी शास्त्र शिकवलेले नसते. त्याला एवढेच ठाऊक असते की छप्पर तापले की कोंबडी मरते, आणि मेलेली कोंबडी हिशेबात दिसते. बेदाण्याचेही तसेच. रंग काळा पडू नये म्हणून आपण तो शीतगृहात ठेवतो, आणि तोच बेदाणा निवडणाऱ्या बायका पत्र्याखाली बसतात.

मी मालकांना एवढेच म्हणालो, "कोंबडी मेली तर त्याच दिवशी कळते. माणसाचे मूत्रपिंड जाते तेव्हा पंधरा वर्षे झालेली असतात, आणि तो तोवर दुसरीकडे कामाला गेलेला असतो."

ते काही बोलले नाहीत. पण दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, निम्म्या छपराला चुना देऊन बघतो. फरक दिसला तर उरलेल्याला."

फरक दिसला. काम संपल्यावर मी शिडीच्या टोकाला उभे राहून दोन्ही भागांना हात लावला. काळ्या भागावर हात टेकवेना, पांढऱ्या भागावर आरामात ठेवता आला. खाली थर्मामीटरने दोन्ही बाजूंत तीन अंशांचा फरक दाखवला. त्याहून बोलका पुरावा दुसराच होता. जेवणाच्या सुट्टीत सगळे कामगार डबे घेऊन पांढऱ्या छपराखालीच बसू लागले होते.

हे नवे नाही

पांढऱ्या छपराची कल्पना परदेशातून आली असे समजू नका. माझे आजोळ माण तालुक्यातले. तिथली जुनी माळवदाची घरे मे महिन्यातही गार असत, कारण छपरावर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर असे. आपण ती सोडून पत्रा घेतला, कारण पत्रा स्वस्त, हलका आणि झटपट होतो. तो सोय म्हणून वाईट नाही. पण माळवदाचे काम पत्रा करत नाही, ते आपल्याला करून घ्यावे लागते.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ जास्त मृत्यू झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा तयार केला आणि पुढे २०१७ पासून गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २००५ मध्येच कमी उताराच्या बिगर-निवासी इमारतींसाठी अशा छपरांचा नियम केला. स्पेनमधल्या आल्मेरिया भागात तर शेतीच्या हरितगृहांना दर उन्हाळ्यात एवढा चुना फासतात की, त्या टापूचेच तापमान भोवतालच्या मानाने कमी होत गेल्याचे २००८ च्या एका अभ्यासात आढळले.

कायदाही याबाबत मुका नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १३ मध्ये, भिंती व छप्पर अशा साहित्याचे आणि अशा रचनेचे असावे की आतले तापमान शक्य तितके कमी राहील, असे स्पष्ट म्हटले होते. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही हवा, तापमान आणि आर्द्रता यांची जबाबदारी मालकावरच आहे. अडचण एवढीच की लहान शेड बहुधा अशा कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात. तिथे मालकाच्या समजूतदारपणावरच सारे अवलंबून असते.

करायचे कसे?

१. सिमेंटचा पत्रा किंवा स्लॅब असेल तर विरलेला चुना चालतो. त्यात चिकटपणासाठी सरस किंवा फेविकॉल घालतात. दोन हात द्यावेत. हा चुना पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी द्यावा लागतो. दिवाळीला भिंतींना देतो, तसा पाडव्याच्या सुमारास छपराला द्यावा.

२. जस्ताच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चुना लावू नये. चुन्याने तो धातू खातो. तिथे छपरासाठी मिळणारा पांढरा अॅक्रिलिक रंग वापरावा. तो महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो.

३. छप्पर पांढरे केले म्हणजे काम संपले नाही. धूळ बसली की त्याचा गुण उतरतो. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या आसपास हंगामभर काजळी पडते. हंगाम संपला की मार्चमध्ये छप्पर धुऊन घ्यावे.

४. आता डॉक्टर म्हणून सर्वांत महत्त्वाची सूचना. सिमेंटचा पत्रा वरून भक्कम दिसतो, पण तो माणसाच्या वजनाने काचेसारखा फुटतो. त्यातून खाली पडून कंबर मोडलेले, प्राणाला मुकलेले लोक मी पाहिले आहेत. पत्र्यावर थेट पाय देऊ नये. आडव्या पट्ट्यांवर टेकलेल्या फळ्या टाकून, कमरेला दोर बांधूनच काम करावे. हे काम उंचीची सवय असलेल्या माणसालाच द्यावे, आणि ते सकाळी लवकर करावे.

५. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. तो कोरडा असताना तारेच्या ब्रशने घासू नये. ती धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. पाण्याने भिजवून मऊ कुंच्याने शेवाळ काढावे.

६. चुना कालवताना डोळ्यांवर चष्मा असावा. डोळ्यात उडाला तर चोळू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

पांढऱ्या छपराने काय होणार नाही?

छप्पर पांढरे केले म्हणजे महाबळेश्वर होत नाही. साधारणपणे आतली हवा दोन ते पाच अंशांनी उतरते आणि झळ कमी होते. उष्णता जर आतच तयार होत असेल, म्हणजे भट्टी, बॉयलर, ओतशाळा असेल, तर छपराचा उपयोग मर्यादित. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला एके काळी काचेच्या भट्ट्यांपुढे माणसे उभी राहून प्रभाकर कंदिलाच्या काचा घडवत. तिथल्या उष्णतेला छपरावरचा चुना काय करणार? अशा ठिकाणी भट्टी आणि माणूस यांच्यात आडोसा, गरम हवा वर निघून जाण्यासाठी आढ्यापाशी झरोके आणि कामात वारंवार विसावा हेच उपाय. यंत्रमागाच्या शेडमध्ये सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तिथे खेळती हवा फार महत्त्वाची.

थोडक्यात, पांढरे छप्पर, वरून गरम हवा निघण्याची वाट आणि खालून गार हवा येण्याची वाट, ही तीन मिळूनच औषध पुरे होते. एकच गोळी देऊन रोग जात नाही, तसेच हे.

कामगारांनी आणि घरच्यांनी

तहान लागण्याची वाट पाहू नये. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. ताक, लिंबू सरबत चांगले. फार घाम आला असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट घ्यावे. चमचा चहाचा घ्यावा. नुसत्या मिठाच्या गोळ्या खाऊ नयेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाणी-मिठाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारावे.

लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. फिकट पिवळी असेल तर ठीक. गडद, तांबूस आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडते आहे.

उष्णतेची सवय अंगाला एक ते दोन आठवड्यांत होते. म्हणून नव्या कामगाराला आणि लांबलचक सुट्टी किंवा आजारपणाहून परतलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नये.

बी.पी., मधुमेह किंवा मानसिक आजाराची औषधे घेणाऱ्यांनी उन्हाळ्याच्या आरंभी डॉक्टरांना आपण कुठे काम करतो ते सांगावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नये, पण विचारावे जरूर.

कोणी बडबडू लागला, बेशुद्ध पडला, अंग भाजत असेल, तर १०८ ला फोन करावा आणि गाडीची वाट पाहत बसू नये. त्याला सावलीत आणावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापाची गोळी देऊ नये, या तापावर ती चालत नाही.

शेवटी

त्या कामगाराचे क्रिएटिनिन तीन महिन्यांनी १.४ वर आले. तिथेच थांबले आहे, खाली आलेले नाही. मी त्याची गोळी बदलली. मालकांनी दुसऱ्या वर्षी सगळ्या छपराला चुना दिला आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला पाण्याचा माठ ठेवला, म्हणजे मशीन सोडून लांब जावे लागत नाही. गेल्या वर्षी चुना द्यायला उशीर झाला, तेव्हा कामगारांनीच आठवण केली.

मीही एक बदल केला आहे. केसपेपरवर नाव, वय, तक्रार यांच्याखाली एक ओळ वाढवली आहे: "कामाच्या जागी डोक्यावर काय आहे?" मार्च ते जून या दिवसांत तो प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. ज्यांचे उत्तर "पत्रा" असे येते, त्यांना औषधाच्या चिठ्ठीबरोबर एक निरोप देतो, मालकाला सांगण्यासाठी. वाचकांपैकी जे स्वतः मालक आहेत, त्यांनी तो निरोप येथेच मिळाला असे समजावे.